मे सरता सरता खळ्यात पालो दे मायो: खांब, पट्ट्या, ठेका आणि बाकी सगळं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात गाव चाकरमान्यांनी भरलेला असतो आणि सगळ्यांचं एक लक्ष आभाळाकडे असतं. शाकारणी उरकायची, लाकडं आत घ्यायची, आगोटीची बेगमी म्हणून सुकी मासळी, आमसुलं, सांडगे डब्यात भरायचे, ही कामं मोठ्यांची. पोरांना मात्र संध्याकाळी काही काम नसतं, आंबे खाऊन कंटाळा आलेला असतो, मग मोबाईल. या आठवड्यात करण्यासारखा एक भारी प्रकार सांगते, आपला नाही, लांबचा आहे, पण आपल्या खळ्यात असा बसतो की विचारू नका.

निकाराग्वा देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर ब्लूफील्ड्स नावाचं बंदर आहे. तिथले क्रिओल लोक, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे आणि जमैका वगैरे बेटांवरून आलेल्यांचे वंशज, अख्खा मे महिना नाचतात, कारण मे महिन्यात त्यांचा पावसाळा सुरू होतो. मधे एक झाड किंवा खांब, त्याला रंगीत पट्ट्या आणि फळं बांधलेली, भोवती रिंगण, बाजूला वाजवणारे. स्पॅनिशमध्ये याला पालो दे मायो म्हणतात, तिथले क्रिओल लोक आपापसात इंग्रजीच्या वळणाची बोली बोलतात त्यामुळे ते मेपोल म्हणतात. बिहोल्डन, कॉटन ट्री, ओल्ड बँक, पॉइंटीन अशा तिथल्या वाड्या आहेत आणि वाडीवाडीची चुरस असते. शेवटी ३१ मेला रात्री सगळे मिळून गाणी म्हणत, नाचत रस्त्यानं निघतात, त्याला तुलुलु म्हणतात.

आता आपल्याकडे बघा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ३१ मेला होड्या किनाऱ्याला लागलेल्या किंवा लागत असतात, खलाशी घरी असतात आणि चाकरमानी अजून निघालेले नसतात. तारीख आयती जुळते, शोधायला नको.

थोडी माहिती आधी, कारण रिंगणात कुणीतरी विचारणारच आणि तेव्हा 'आफ्रिकेतला काहीतरी डान्स आहे' असं उत्तर देऊ नका प्लीज. त्या किनाऱ्यावर स्पेनपेक्षा ब्रिटिशांचा वावर जास्त होता, निकाराग्वानं तो भाग १८९४ मध्ये सैन्य पाठवून ताब्यात घेतला, आणि पुढे १९८७ मध्ये किनाऱ्याला स्वायत्तता देणारा कायदा झाला. मेपोल म्हणजे खांबाला रिबिनी बांधून नाचणं ही मूळची इंग्लंडकडची चाल, पण ब्लूफील्ड्समध्ये ती आफ्रिकन ठेक्यात, आफ्रिकन अंगानं नाचली जाते आणि गाण्यात मायाया नावाची सुपीकतेची देवी येते. कोण म्हणतं मूळ इंग्लिश, कोण म्हणतं मूळ आफ्रिकन, तिथेच यावर वाद आहेत. दुसरा वाद जास्त गंमतीचा आहे, १९७० आणि ८० च्या दशकांपासून हा नाच स्टेजवर गेला, जोडीजोडीनं, भरपूर कंबर हलवत, कमी कपड्यांत, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका तेव्हापासून बोलतायत की आमच्या वेळी लांब परकर घालून झाडाभोवती नाचायचे, हे काय काढलंय. आपल्याकडे डीजेवरून जे रामायण होतं तेच.

मी त्या म्हाताऱ्यांच्या बाजूनं आहे, पण कपड्यांमुळे नाही. स्टेज आला की चार जणी नाचतात आणि चारशे जण व्हिडिओ काढतात. रिंगणात तसं होत नाही, तिथे पट्टी हातात धरायलाच माणूस लागतो. म्हणून पहिली आणि एकच कडक अट: मंडळाच्या स्टेजवर 'आयटम' म्हणून हा नाच बसवू नका. खळ्यात करा, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत करा, शाळेच्या पटांगणात करा. गावच्या मानकऱ्यांना आधी सांगा मात्र, देवळासमोर करणार असाल तर विचारूनच करा.

खांब

पोफळीचा सोट सगळ्यात चांगला. जिती पोफळ तोडायची नाही, वादळात पडलेली किंवा शेंडा मेलेली एखादी कुणाच्या ना कुणाच्या बागेत असतेच आणि बागायतदार खुशीनं देतो, त्याला ती हलवायचीच असते. १३ फुटांचा तुकडा घ्या, ३ फूट जमिनीत आणि १० फूट वर. यापेक्षा उंच करायचा मोह होतो, नको, पट्ट्या लांब होतात आणि पोरांना आवरत नाहीत. पोफळीला सल फार असते आणि ती तळहातात गेली की दोन दिवस जेवताना आठवण येते, त्यामुळे कोयता आडवा धरून सोट नीट तासून घ्या आणि मग ओल्या काथ्यानं वर-खाली घासा, हात फिरवून बघा, जिथे टोचेल तिथे परत. बांबू घ्यायचा झाला तर माणग्याचा जाड बघून घ्या, चिव्याची काठी नको, बारा जण ओढायला लागले की वाकते. लोखंडी पाइप अजिबात नको, वळवाच्या दिवसांत मोकळ्या जागेत लोखंडी पाइप उभा करून त्याच्याभोवती पोरं नाचवायची म्हणजे विजेला आमंत्रण.

खड्डा ३ फूट, पहारीनं. बागायतीत तासाभरात होतो, सड्यावर राहत असाल तर विसरा, जांभ्यात खड्डा मारत बसलात तर मिरग येईल. त्यापेक्षा २०० लिटरचं जुनं पिंप घ्या, मधे खांब उभा धरा आणि चिऱ्याचे तुकडे आणि माती थर देऊन ठोकून भरा. किनाऱ्यावरची वाळू उचलून आणू नका, कायद्यानं चालत नाही आणि तसंही वाळूत खांब हलतो. खड्ड्यात पुरत असाल तरी तीच पद्धत, अर्धा फूट माती, ठोका, चिऱ्याची पाचर, परत माती, परत ठोका. हे सगळं आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी करा, म्हणजे माती बसते. मग एखाद्या आडदांड माणसाला सांगा जोर लाव, हलला नाही तर झालं.

थांबा थांबा, खांब उभा करायच्या आधी पट्ट्या बांधायच्या! हे सगळे विसरतात आणि मग शिडी शोधत फिरतात.

पट्ट्या

बाजारातल्या सॅटिनच्या रिबिनी दिसायला झकास पण घामट हातातून सटकतात आणि महाग पण पडतात. जुन्या सुती साड्या काढा. साडेपाच मीटरची साडी म्हणजे १८ फूट, आपल्याला पट्टी १५ फुटांची लागते, म्हणजे गाठीला धरून आरामात पुरते. काठ बाजूला ठेवा. पदराच्या कडेला कात्रीनं दोन-अडीच इंचांवर एकेक चीर मारा आणि दोन जणांनी दोन टोकं धरून सरळ फाडत जा, सुती कापड धाग्याला धरून एकदम सरळ फाटतं, आवाजच असा येतो की शेजारची बाई बघायला येते कोणाची साडी फाडली म्हणून. कात्रीनं अख्खी लांबी कापत बसू नका, वाकडी जाते. बारा नाचणाऱ्यांना दोन रंग लागतात, सहा आणि सहा, म्हणजे दोन साड्यांत काम होतं आणि वर पट्ट्या उरतात. रंग एकमेकांपासून लांबचे घ्या, हिरवा आणि पिवळा, लाल आणि पांढरा. निळा आणि जांभळा घेतलात तर संध्याकाळच्या उजेडात कुणाला काही कळणार नाही.

बांधायचं असं: खांबाच्या टोकापासून तीन बोटं खाली कोयत्यानं गोल खाच पाडा. पट्ट्या एकआड एक रंगानं त्या खाचेवर ठेवत जा, सुतळीनं करकचून गुंडाळा आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून आवळा. काही लोक टोकावर सायकलची रिम लावतात, दिसते छान, पण पट्ट्या खांबापासून लांब राहतात आणि विणकाम नीट बसत नाही. सरळ खांबालाच बांधा. टोकावर आंब्याचा टाळा लावा.

ब्लूफील्ड्सच्या झाडावर फळं टांगतात. आपल्याकडे मे अखेरीस फळांना काय तोटा, करवंदांचे घोस, जांभळाच्या डहाळ्या, रायवळ आंबे देठासकट. पट्ट्यांच्या वाटेत येणार नाहीत अशी टोकाजवळच बांधा. रातांबे दिसायला सुंदर पण फुटले की कपड्यांचे डाग जन्मात जात नाहीत. फणस टांगू नका हे लिहायची गरज नसावी, पण आमच्या वाडीत एकानं प्रस्ताव मांडला होता म्हणून लिहिते.

वाजवायचं काय

तिकडे जुन्या साथीत ढोल, गिटार, बँजो, अकॉर्डियन असायचं आणि त्याबरोबर घरातल्याच वस्तू: गाढवाच्या नाहीतर घोड्याच्या जबड्याचं वाळवलेलं हाड, ज्यातले दात सैल होऊन खुळखुळतात, आणि पालथ्या टबाला दोरी लावून केलेलं खर्जाचं वाद्य. जबडा आपल्याला मिळणार नाही आणि आणलात तर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील. त्याऐवजी करवंटीच्या दोन वाट्यांत मूठभर चिंचोके घालून तोंडाला तोंड लावून चिकटवा, वरून कापडाची पट्टी. दुसरं म्हणजे बांबूच्या एका पेरावर करवतीनं जवळजवळ खाचा पाडा आणि बारीक काठीनं घासा, खरर्र खट् असा जो आवाज येतो तो या संगीतात फार महत्त्वाचा आहे.

टबाचं वाद्य जरूर करा, पोरं त्याच्यावरून भांडतात. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाची बाजू पूर्ण कापून काढा आणि कडा हातोडीनं आत दुमडा नाहीतर हात कापेल. डबा पालथा घाला, वर आलेल्या तळाला बरोबर मधे खिळ्यानं भोक पाडा, जाड नायलॉनची दोरी, जाळ्याची मिळाली तर उत्तम, त्यातून घालून आतल्या बाजूला वायसर अडकवून गाठ मारा. दोरीचं दुसरं टोक चार फुटी काठीच्या शेंड्याला. आता काठीचं बूड डब्याच्या काठावर टेकवायचं, डब्यावर एक पाय ठेवायचा, डब्याच्या एका कडेखाली चिऱ्याचा तुकडा सारायचा म्हणजे आवाजाला बाहेर पडायला जागा होते, आणि काठी मागे ओढत दोरी छेडायची. काठी ताणली की सूर चढतो, सोडली की उतरतो, धुम्म धुम्म असा पोटात आवाज बसतो. ज्यांनी जोगत्याचं चौंडकं जवळून बघितलंय त्यांना काही शिकवावं लागत नाही.

ढोलकीवाल्याला सांगा केहरवा, जरा चढा, चालण्यापेक्षा जलद पण पळण्यापेक्षा कमी. ताशा नको, सगळं खाऊन टाकतो. झांजा एखादीच जोडी. हे वाजवणारे पण रिंगणाच्या बाजूला बसतील, उंचावर नाही.

गाणं तिकडच्यासारखं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. तिकडची गाणी तोडक्यामोडक्या उच्चारात पाठ करण्यापेक्षा चाल धरून आपलेच बोल घाला, भजनाला आणि जाखडीला बसणाऱ्या माणसांना हे जन्मापासून येतं. आम्ही असं करतो:

मिरग इलो गे बाये
इलो गे इलो
होडी वर घेतली काय
घेतली गे घेतली
कौलां परतली काय
परतली गे परतली

आणि मग पुढे जो तो घालत जातो, कुणाच्या घराची कौलं अजून परतायची राहिलीत ते सगळ्या वाडीला कळतं. तिकडच्या गाण्यांतही गावातल्या भानगडी, कुणाची बोट उलटली, कुणाचं काय हरवलं, हेच विषय असतात, तेव्हा लाजू नका.

पाय

गुडघे जरा सैल, वजन खाली, पाय जमिनीपासून फार उचलायचे नाहीत, घसटत टाकायचे. उजवा अर्धं पाऊल पुढे, डावा त्याला येऊन मिळतो, परत उजवा, आणि चौथ्या ठोक्याला कंबर आपोआप ज्या बाजूला जाते तिथे जाऊ द्यायची. खांदे सोडलेले. बॉलीवूडच्या सवयीनं पोरं हात फेकतात, हाताला काम नाही, हातात पट्टी आहे. अनवाणी नाचा. खळं सारवलेलं असेल आणि वर दोन थेंब पडले असतील तर घसरतं, कोरडी माती भुरभुरा.

विणणं

हा खरा भाग आहे आणि शिमग्याला गोफ विणलेली माणसं वाडीत असतील तर तुमचं अर्धं काम झालं. आमच्याकडे पहिल्या तालमीला पोरांचा नुसता गुंता चालला होता, ओट्यावर बसलेली एक काकी बघत होती, ती आधी म्हणाली, 'मेल्यांनू, शिमगो परत इलो काय?' आणि मग उठून आलीच, एकाची पट्टी हातात घेतली, दुसऱ्याच्या डोक्यावरून नेली, तिसऱ्याच्या खालून स्वतः वाकून गेली, आणि म्हणाली गोफात वरून दोऱ्या सोडतात, हय खांबाक आसत, बाकी काय वेगळा नाय. खरंय, पायांचं आणि हातांचं गणित तेच.

बारा जण गोलात, खांबापासून साधारण आठ फुटांवर. एक-दोन, एक-दोन असे नंबर घ्या. एक नंबरवाल्यांच्या हातात एक रंग, दोन नंबरवाल्यांच्या हातात दुसरा. एक नंबरवाले प्रदक्षिणेच्या दिशेनं तोंड करतात म्हणजे खांब त्यांच्या उजव्या हाताला, दोन नंबरवाले उलट, म्हणजे आता प्रत्येकासमोर कुणीतरी तोंड करून उभा आहे. पट्टी जरा ताणून धरा.

ठेका सुरू झाला की पहिल्या भेटीला एक नंबरवाला बाहेरून जातो आणि आपली पट्टी समोरच्याच्या डोक्यावरून नेतो, दोन नंबरवाला वाकून आतून निघतो. पुढच्या भेटीला उलट, एक नंबरवाला आतून, दोन नंबरवाला बाहेरून. मग परत बाहेरून, परत आतून. बस एवढंच आहे. 'भायर, भितर, भायर, भितर' असं मोठ्यानं म्हणत पहिल्या फेऱ्या चालतच करा, ढोलकी नको, नाच नको, नुसतं चालणं. हे तोंडात बसलं की मग ठेका धरा. दोघं समोरासमोर येऊन 'तू जा, तू जा' करत थांबले की समजायचं एकाचा नंबर चुकलाय, सगळ्यांना थांबवा, तो एकटा कितीही सावरायला गेला तरी पुढच्या प्रत्येकाला चुकवत जातो.

पट्टी ढिली सोडली की वेणीत फुगे येतात, फार ओढली की खांब हलतो. जसजशी वेणी वरून खाली उतरते तसतशी हातातली पट्टी आखूड होते आणि रिंगण आपोआप लहान होतं, माणसं जवळ येतात, खांद्याला खांदे लागायला लागतात, आणि नेमका तेव्हाच ढोलकीवाला लय चढवतो. मजा तिथे आहे. खांबाच्या निम्म्यापर्यंत चौकटी चौकटीची वेणी आली की थांबा.

सोडवायचं असेल तर सगळ्यांनी जागच्या जागी पाठ फिरवायची आणि जी शेवटची चाल केली होती तीच आधी उलटी करायची, म्हणजे शेवटी बाहेरून गेला असाल तर आता पहिल्यांदा बाहेरूनच परत. इथे गडबड होते कारण लोकांना वाटतं सुरुवातीसारखं परत सुरू करायचं. एका जाणत्यानं मधे खांबाजवळ उभं राहून ओरडायचं. लहान पोरांना पूर्ण विणणं जमत नसेल तर त्यांना पट्टी धरून नुसतं एका दिशेनं फिरू द्या, खांबाला गोल पट्टे बसतात, तेही छान दिसतं आणि कुणी रडत नाही.

तुलुलु

विणणं झालं की लोक पांगायला लागतात, त्याआधीच हे सुरू करा. जोडीजोडीनं समोरासमोर उभं राहायचं, हात वर करून कमान, अशा दहा-पंधरा कमानी एकामागे एक. सगळ्यात मागची जोडी वाकून कमानींखालून पुढे येते आणि पुढे उभी राहून स्वतः कमान करते, मग तिच्यानंतरची, मग तिच्यानंतरची. म्हणजे कुणीच विशेष चालत नाही पण वरात पुढे सरकते. गाणं चालूच. याला सराव लागत नाही, वय लागत नाही, आजोबा काठी वर धरून कमान करतात आणि नुकतं चालायला लागलेलं पोर ताठ मानेनं खालून जातं. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात हीच गोष्ट सर्वांत चांगली आहे, खांब उभा करायला जमलं नाही तर नुसतं हे करा.

वाट आधी ठरवा. खळ्यातून पाणंदीनं दुसऱ्या वाडीपर्यंत, तिथून देवळाकडे, तिथून किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्यात तिथपर्यंत. पाणंदीत काळोख असतो, पुढेमागे एकेक माणूस बॅटरी घेऊन ठेवा, उन्हाळ्याच्या शेवटाला जनावरं, म्हणजे साप, बाहेर पडतात. डांबरी रस्त्यावर एसटीच्या वेळेला जाऊ नका. रात्री १० नंतर स्पीकर कायद्यानं बंदच, पण तुम्हाला स्पीकर लागतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहऱ्याला काळं फासायचं नाही. पानांचे घागरे, हाडांच्या माळा, 'आफ्रिकन लूक' म्हणून हातात भाले, यातलं काही नको, ब्लूफील्ड्समध्ये असं कोणी नाचत नाही, रंगीत घेरदार परकर आणि शर्ट-पँट घालतात. आफ्रिकेतून आलेली माणसं म्हणजे काहीतरी लांबचं, जंगलातलं, असं कोकणातल्या माणसानं तरी समजू नये, आपल्याच किनाऱ्यावर मुरुडला सिद्दींचं संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत होतं. आपल्याकडे परकर-पोलकं आहे, जुन्या लुगड्यांचे घागरे शिवता येतात, तेवढं पुरे. आणि सुरू करताना एकानं दोन मिनिटं सांगावं की हा नाच कुणाचा, कुठला, ते का नाचतात. नाव आपलं लावू नका.

आभाळाचं बघा. मे अखेर म्हणजे दुपारपर्यंत ऊन आणि संध्याकाळी गडगडाट. गडगडलं की नाच थांबवा आणि सगळ्यांना पडवीत घ्या, एकट्या उंच खांबाजवळ आणि माडाखाली कोणी उभं राहायचं नाही. नुसती सर आली तर नाचा की, त्यासाठीच तर चाललंय. समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी असेल तर सरळ पुढे ढकला, २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेनं आणि २०२० च्या जूनमध्ये निसर्गनं काय केलं ते आपण विसरलेलो नाही. ब्लूफील्ड्सवाल्यांनाही हे सांगावं लागत नाही, ऑक्टोबर १९८८ मध्ये जोन चक्रीवादळानं त्यांचं गावच्या गाव झोपवलं होतं.

जेवण

तिकडे या दिवसांत रोंदोन करतात, नारळाच्या रसात शिजवलेलं मासे आणि कंद. वाचल्यावर मला वाटलं हे तर आपल्या घरचंच. मोठ्या टोपात नारळाचा पातळ रस, त्यात सालं काढून मोठे तुकडे केलेली अळकुडी, कच्ची केळी, नीरफणस मिळाला तर नीरफणस, कांदा, मिरच्या अख्ख्या, मीठ. तिकडे कसावा पण घालतात, आपण कणगी घालू शकतो. कंद बोटानं दाबून मऊ लागले की वर सुरमईचे नाहीतर बांगड्याचे तुकडे ठेवायचे, जाड रस ओतायचा, मंद आच, आणि आता डाव घालायचा नाही, टोप फडक्यानं धरून नुसता हलवायचा नाहीतर मासे मोडतात. हळद, मालवणी मसाला, कोकम काही नाही. कोकम न घालता माशाचं कालवण म्हटल्यावर आमच्याकडे स्वयंपाकघरात जवळपास बंड झालं होतं, शेवटी तोडगा असा की सोलकढी वेगळी. शाकाहारी टोप वेगळा ठेवा, कंद आणि शेंगा घालून तोही चांगला लागतो. बंदी लागायच्या आदल्या दिवशी मासे महाग असतात, आधी सांगून ठेवा. कुर्ल्या मिळाल्या तरी चालेल, ब्लूफील्ड्ससमोरच्या कॉर्न बेटांवर दर २७ ऑगस्टला गुलामगिरीतून सुटल्याची आठवण म्हणून खेकड्यांचं सूपच करतात, १८४१ पासूनची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी

खांब दुसऱ्याच दिवशी काढा. राहू दे, पुढच्या वर्षी कामाला येईल असं म्हणून उभा ठेवलात तर पावसात बुडातून कुजतो आणि ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी अंगावर येतो. वेणी सोडवलेली नसेल तर टोकाची ट्यूब आणि सुतळी कापा, सगळी वेणी मोज्यासारखी खाली ओढून निघते, तशीच धुवून वाळवून शाळेत टांगायला देता येते. पट्ट्या सुट्या झाल्या असतील तर गरम पाण्यात धुवा, कडक ऊन संपायच्या आत वाळवा आणि डांबराच्या गोळ्या घालून बांधून ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरते. सोट कोरड्या जागी माळ्यावर आडवा. फळं पोरांनी आधीच संपवलेली असतील. डबा आतून पुसून थोडं खोबरेल लावा, गंज धरत नाही.

आणि खड्डा त्याच दिवशी दगड-माती घालून ठोकून बुजवा, पहिल्या पावसात तो पाण्यानं भरतो, वरून दिसत नाही आणि गुरांचा पाय नेमका तिथेच जातो.